कानशीची पूड

त्या वर्षी तलाव इतका आटला की बुडालेल्या जुन्या रस्त्याचा पूल कमरेपर्यंत वर आला, आणि पुलापाठोपाठ मच्छीमार समितीचा फळा. फळ्यावर खडूनं दोनच ओळी होत्या. पाणी भरेपर्यंत जाळं टाकायचं नाही. गळ चालेल.

तिच्या नवऱ्यानं त्या ओळी एकदाच वाचल्या. घरी येऊन त्यानं जाळं गुंडाळलं, मागच्या भिंतीच्या खुंटीला अडकवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. आठ दिवस बसला. उठायचा, जेवायचा, परत त्याच जागी. बोलायला गेलं तर "हं" म्हणायचा. मग तिनंही बोलणं सोडलं. दीड वर्षाची चिमी त्याच्या पाठीवर चढायची, घसरायची, परत चढायची. तो भिंतीसारखा चढू द्यायचा.

नवव्या दिवशी सकाळी मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आपल्या खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. आतून एक साचा काढला. दोन फाळकी, मध्ये बिजागरी, लाकडी मुठी जळून काळ्या झालेल्या. फाळक्यांत तीन मापांचे खळगे होते, हरभऱ्याएवढा, वाटाण्याएवढा, बोराएवढा.

"जाळ्याचं शिसं काढून आण," ते मुलाला म्हणाले.

"जाळ्याचं?"

"मग काय तुझ्या डोक्यातलं? तिथं असतं तर आठ दिवस बसला नसतास."

नवरा उठला. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी ओवलेले असतात, त्या वजनानं जाळं तळाला जातं. त्यानं कात्रीनं एकेक मणी कापून डब्यात टाकला. टक्, टक्, टक्. शेजारची जाळीवाली काकू, जाळी विणण्याचं तिचंही काम बंद पडलेलं, दारात येऊन बघत उभी राहिली.

"अरे, ते जाळं परत कधी बुडायचं नाही हं," काकू म्हणाली.

"माहीत आहे," नवरा म्हणाला.

मामंजी ज्याला नाचऱ्या म्हणत, त्याला बाजारातल्या दुकानात जिग म्हणायचे. गळाच्या मानेवर शिशाचं डोकं ओतायचं आणि मागं केसांची नाहीतर पिसांची शेपटी बांधायची, झाला नाचऱ्या. काठीचं टोक उचललं की तो पाण्यात वर उडतो, सैल सोडलं की पडतो, आणि शेपटी फुलते, मिटते. आमिष लागत नाही. लागतो तो हात. मामंजींचा तो हात सगळ्या तलावाला ठाऊक होता, पण आता मनगट गळून पडल्यासारखं लोंबायचं आणि बोटं थरथरायची. ओतण्यापुरता जोर होता. गाठ मारायला हात राहिला नव्हता.

"वय झालं," ते म्हणायचे. वय काही फार नव्हतं.

नवऱ्याची बोटं जाळ्याच्या दोरांनी जाड झालेली. त्यामुळे शेपट्या बांधायचं काम तिच्याकडे आलं, आणि शेपट्यांबरोबर कानस.

शिसं ओतायचं ठरलं तेव्हाच तिनं नियम घातले होते. कॉलेजात तिनं एक वर्ष रसायनशास्त्र केलं होतं. लग्नानंतर त्याचा उपयोग म्हणजे गॅसची नळी तपासणं, एवढाच होता. आता झाला. शिसं वितळवायची कढली घरात यायची नाही. ओतायचं ते मागच्या शेडमध्ये, वारा घराकडून असताना. दोघांनी शेडमधले कपडे शेडमध्येच उतरवायचे, हात साबणानं धुवायचे. चिमीनं उंबरा ओलांडायचा नाही.

"माझा बाप चुलीवर ओतायचा," मामंजी म्हणाले. "मीही. पाठीमागच्या चुलीवर भात आणि पुढच्या चुलीवर शिसं."

"आता नाही ओतायचं, मामंजी."

"बरं बाई. तू शिकलेली."

त्यांनी ऐकलं. नवऱ्यानंही ऐकलं. काकू मात्र हसली. "सासऱ्याला शेडमध्ये कपडे बदलायला लावणारी सून मी पहिलीच बघितली. अगं, त्यांची नजर उतरवतेस की शिसं?"

पण तिला राहवायचं नाही. चिमी झाली तेव्हापासून तिच्या छातीत कुणीतरी सतत कान देऊन बसल्यासारखं असायचं. चिमी झोपली की ती नाकाशी बोट धरून बघायची. चिमीनं नवा शब्द उच्चारला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायची. बाबा. दे. काऊ. पाणी. नको. नऊ शब्द झाले होते. तिचा नवरा चौथा मुलगा. आधीची तीन का गेली हे घरात कुणी बोलत नसे. "राहिली नाहीत," एवढंच काकू एकदा म्हणाली होती. त्या तिघांना तिनं पाहिलं नव्हतं, तरी चिमीचं नाक तपासताना ती तिघं मागं उभी असायची.

साच्यातून निघालेल्या डोक्याला कडेनं पातळ पापुद्रा येतो, दोन फाळक्यांच्या फटीतून. मामंजी त्याला मिशी म्हणायचे. मिशी राहिली तर नाचऱ्या वाकडा पडतो आणि मासा वाकडं पडणारं काही खात नाही. "मिशी उतरव," ते सांगायचे, आणि ती कानस घेऊन बसायची.

बसायची कुठं, तर घराच्या मागल्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. तिथून समोर शेड दिसायचं आणि मागं वळलं की चिमी. दोन्ही नजरेत. याहून चांगली जागा घरात नव्हती. मांडीवर जुनं फडकं अंथरायचं, एकेक डोकं चिमटीत धरून घासायचं. शिसं मऊ, कानस लगेच भरायची. ती उंबऱ्यावर आपटून झाडायची, फुंकर मारायची, परत घासायची. मग शेपटी. चिलापीसाठी कोंबड्याची पिसं, शिंगटीसाठी शेळीचे केस, आणि मरळीसाठी, काळं लागतं म्हणून, तिचे स्वतःचे, विंचरताना गळलेले.

"केसानं गळा कापतात म्हणतात," काकू म्हणाली, "तू तर माशाचाही कापायला लागलीस."

दोऱ्याचं टोक ती दातानं तोडायची. कात्री असायची, पण कधी सापडायची नाही.

"गळ्यात बघ," काकू म्हणायची. कात्री दोरीला बांधून तिच्याच गळ्यात लटकलेली असायची. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

दुपारी काम सुरू असतानाच चिमी रांगत, मग चालत यायची आणि मांडीवर डोकं ठेवून झोपायची. त्याच फडक्यावर. ती एका हातानं थोपटायची, मग परत घासायला घ्यायची. चिमीच्या केसांवर काही पडलं तर फुंकरीनं उडवायची.

*

जाळेवाल्यानं गळाची काठी धरणं म्हणजे पैलवानानं सुईत दोरा ओवणं. पहिले चार दिवस नवरा काठावर उभा राहिला आणि मामंजी मागं दगडावर बसून त्याला शिकवत राहिले. अख्खा काठ बघत होता, कारण कुणालाच दुसरं काम नव्हतं. पाचव्या दिवशी ती डबा घेऊन गेली तेव्हा चिमी तिच्या कडेवर होती.

"उचल," मामंजी म्हणत होते. "सोड. अरे, सोड म्हणजे टाकून देऊ नको. दोरी ताठ ठेवून पडू दे. मासा पडतानाच धरतो. उचलताना कुणी धरत नाही."

"काही कळत नाही हाताला," नवरा म्हणाला.

"कळेल. जाळ्यात तुला मासा दिसला तरच कळायचं. यात दिसत नाही, नुसतं कळतं."

काठावरून कुणीतरी ओरडलं, "काका, त्याला अंगणवाडीत घाला!" लोक हसले. नवऱ्याची मान मागून लाल झाली. तो वळला नाही. उचललं, सोडलं. उचललं, सोडलं.

मामंजींनी बोटांवर सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, बोटं एका जागी राहत नव्हती. चिलापीला हरभऱ्याएवढं डोकं, दोन पिसं, उडवायचंसुद्धा नाही, नुसतं थरथरवायचं. "माझा हात बरा आहे त्याला," ते म्हणाले. शिंगटीला बोराएवढं. तळाला टेकवून ओढत न्यायचं, मागं गाळाचा धूर उठला पाहिजे. मरळ गवतात. तिला वाटाण्याएवढं डोकं, काळी शेपटी, आणि गळाच्या टोकापुढं खराट्याची एक काडी बांधायची, म्हणजे गवत अडकत नाही, पण मासा चावला की काडी वाकते.

"आणि कटला?" तिनं विचारलं.

"कटला साधू आहे. तो नाचणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही."

नवरा गवताच्या कडेला सरकला. पाण्यावर एका जागी तांबूस ढगासारखं काहीतरी हलत होतं. बारीक बारीक पिलं, शेकड्यांनी.

"मरळीची," मामंजी हळू म्हणाले. "ती खाली आहे. पिलांत टाक."

"पिलं असताना?"

"टाक म्हणतो ना. मरळ भुकेनं धरत नाही. पिलांत काही पडलं की रागानं येते. पोट भरलेलं असलं तरी येते."

नाचऱ्या ढगाच्या मध्ये पडला. पाणी फुटलं. नवऱ्याची काठी एकदम वाकली आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून "हं"शिवाय काहीतरी निघालं, एक शिवी. हाताएवढी लांब मरळ काठावर आपटली. माशाच्या जबड्यातून काळे केस बाहेर लोंबत होते. तिला क्षणभर कळलं नाही ते कुणाचे.

"पिलांचं काय होतं मग?" तिनं विचारलं.

"दुसरे खातात," मामंजी म्हणाले आणि उठायला हात मागू लागले.

चिमी कडेवरून माशाकडे बघत होती. काऊ म्हणाली नाही, दे म्हणाली नाही. नुसती बघत होती.

*

त्यानंतर घर चालायला लागलं. नवरा पहाटे जायचा, ऊन चढता चढता यायचा. शिंगट्या, चिलापी, एखादी मरळ. त्याचे नाचरे बघून इतरांनी मागितले. मग बाजारातल्या दुकानदारानं डझनावारी मागितले. जाळ्याचं शिसं संपलं तेव्हा नवऱ्यानं गॅरेजमधून जुन्या बॅटरीतलं शिसं आणलं. ते वितळताना शेडवर पिवळट धूर चढायचा. तिनं दोघांना तोंडाला फडकं बांधायला लावलं आणि घराची मागच्या बाजूची खिडकी खिळे मारून बंद केली.

दार मात्र उघडं लागायचं. दारात ती बसायची.

आता ती सकाळपासून घासायची. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला करडी रेघ बसली. तोंडाला सारखी एक गोडसर, पैसा चोखल्यासारखी चव असायची. भूक लागायची नाही. रात्री पडलं की सांधे दुखायचे, पण दिवसभर बसल्यावर कुणाचे दुखत नाहीत? तिला वाईट वाटत नव्हतं आणि चांगलंही वाटत नव्हतं. उचललं, घासलं, फुंकलं, ठेवलं.

चिमी जेवेनाशी झाली ते आधी लक्षात आलं. मऊ भात तोंडात धरून बसायची. मग पोट धरून रडायची, पाय पोटाशी घेऊन. चार-चार दिवस शी व्हायची नाही. मग रडणंही कमी झालं. ती कोपऱ्यात बसून एकाच डब्याचं झाकण लावायची, काढायची, लावायची.

"दात येत असतील," नवरा म्हणाला.

"जंत," काकू म्हणाली. "पोरं अशीच असतात गं. तुझं शिक्षण आडवं येतं."

ती कॅलेंडरपुढं उभी राहिली. शेवटचा शब्द सात आठवड्यांपूर्वीचा होता. त्यानंतरचे सगळे चौकोन कोरे. आणि आधीचे शब्द? तिनं वाटीत पाणी धरलं आणि म्हणाली, "काय हे? पाणी. म्हण, पाणी." चिमीनं वाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तोंड उघडलं. मिटलं.

ती त्याच दिवशी दवाखान्यात जायला निघाली. निघायच्या आधी दुकानदाराचे उरलेले दोन डझन घासून संपवले, कारण नवरा त्याच वाटेनं ते पोचवणार होता.

*

दवाखान्यात नर्सबाईंनी चिमीच्या हातातून रक्त काढलं. चिमी रडली नाही. नर्सबाई म्हणाल्या, "शहाणी आहे हं बाळ." सुई टोचल्यावर जी रडत नाही तिला शहाणी कसं म्हणायचं?

पाच दिवसांनी दुपारी परत बोलावलं. डॉक्टरीण वयानं तिच्याएवढीच होती. कागद समोर ठेवून तिनं पेनाचं टोक एका आकड्याखाली धरलं.

"हे शिसं. रक्तात खरं तर नसायलाच हवं. पाचाच्या वर गेलं की आम्ही घाबरतो. हिचं एकतीस आहे. घरात कुणी शिशाचं काम करतं?"

"शेडमध्ये," ती म्हणाली. उत्तर तयारच होतं, कितीतरी दिवसांपासून. "बाळ तिथं जात नाही. मी जाऊच देत नाही. कढली घरात येत नाही. हे आणि मामंजी कपडे तिथंच बदलतात. हात साबणानं धुतात. मी बघते."

"ओततं कोण?"

"मामंजी."

"आणि ओतल्यावर साफ कोण करतं? घासायला लागत असेल ना?"

"मी."

डॉक्टरणीनं टेबलावरून हात पुढं केला आणि तिचा उजवा हात उलटा करून बघितला. मग डावा. नखांच्या कडांची करडी रेघ.

"कुठं बसून करता?"

"दारात."

"बाळ कुठं असतं?"

तिनं मांडीकडे बघितलं. चिमी मांडीवरच होती. गाऊन तोच होता, कालचा, परवाचा. मांडीच्या जागी कापड किंचित चकाकत होतं, माशाच्या खवल्यासारखं. चिमीनं त्यावर गाल टेकवला होता आणि बोट तोंडात घातलं होतं.

डॉक्टरीण पुढं बरंच बोलली. लोहाचं औषध. दूध, अंडी, पोट रिकामं ठेवायचं नाही. घराची जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. महिन्यानं परत रक्त. "तुमचंही घेऊ. तुमचा रिपोर्ट येईपर्यंत अंगावर पाजू नका. आणि घरात ते काम आजपासून बंद." ती मान हलवत राहिली. शब्द कानापर्यंत येत होते आणि तिथंच थांबत होते.

"बोलेल का परत?" तिनं विचारलं.

"लहान आहे. वेळेवर आणलीत. बघू."

वेळेवर. बाहेर आल्यावर तिनं चिमीला नवऱ्याकडे दिलं. चिमीनं तिच्याकडे हात पसरले. तिनं आपले हात मागं घेतले आणि पाठीशी धरले.

"काय झालं?" नवरा म्हणाला. "अगं, घे ना तिला."

"मी घेत नाही," ती म्हणाली. "तुम्ही घ्या."

*

घरी मामंजी शेडसमोर बसून पेटीतले गळ निवडत होते. नवऱ्यानं त्यांना सांगितलं. आकडा सांगितला, कानस सांगितली, दार सांगितलं. ती लांब उभी होती.

"मी सात वर्षांचा असल्यापासून शिसं दातानं दाबतो," मामंजी म्हणाले. "मला काय झालंय?"

त्यांच्या हातातला गळ थरथरत होता आणि पेटीच्या पत्र्यावर वाजत होता, बारीक, सारखा. ते थोडा वेळ तो आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी गळ खाली ठेवला.

"सूनबाई."

"हं."

"पोट दुखायचं का पोरीचं? पाय वर घेऊन?"

"हो."

"आणि आधी बोलायची, मग थांबली?"

"हो."

"मग डोळे फिरवून, हातपाय झटकायला..."

"नाही, मामंजी. तेवढं नाही झालं."

"नाही ना."

"नाही."

"हं," ते म्हणाले. नवरा बापाकडे बघत होता. मामंजी भिंतीला धरून उठले, रांजणाशी गेले, साबण घेतला आणि हात धुऊ लागले. कोपरापर्यंत. साबण हातातून निसटायचा, ते वाकून उचलायचे, परत लावायचे. ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी रांजणातलं पाणी तळाला गेलं तेव्हा नवऱ्यानं त्यांचा खांदा धरून त्यांना खाटेवर बसवलं.

त्या संध्याकाळी मामंजी जेवले नाहीत. कुणी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं साचा, कढली आणि उरलेलं शिसं लोखंडी डब्यात भरून झाकण पक्कं बसवलं आणि गॅरेजवाल्याकडे नेऊन दिलं. मागच्या दाराची जमीन ओली करून वीतभर खणली, ती माती पोत्यात भरली, उंबरा उखडला. फडकं, गाऊन, चिमीची दुपटी गेली. कानस तिनं स्वतः उचलून पोत्यात टाकली. काकू आपल्या दारातून बघत होती.

"तरी मी म्हणत होते..." काकू म्हणाली आणि थांबली, कारण ती तसं काही म्हणत नव्हती. थोड्या वेळानं तीच आपल्या घरातलं पाणी आणून ओतू लागली. "सरक गं. तू हात नको लावूस, मी करते."

*

दुकानदाराची माणसं दोनदा येऊन गेली, मग यायची थांबली. नवरा आठवड्यातले चार दिवस वाळूच्या ट्रकवर जाऊ लागला. पण तलाव काही सुटला नाही. मामंजींनी भंगारातून लोखंडी नट आणले. नटात गळ घालून तारेनं आवळायचा, वरून दोरा. शिशाचं डोकं गोळीसारखं पडतं, लोखंडाचं जरा वेळ घेतं.

"हा तरंगतो," नवरा म्हणाला. "शिंगटीच्या तळाला जाईपर्यंत जेवण होतं माझं."

"मग जेव. पण पडू दे त्याला."

शिंगट्या निम्म्यावर आल्या. चिलापी यायच्या. मरळ पूर्वीसारखीच यायची, तिला डोकं कशाचं याच्याशी कर्तव्य नव्हतं. मात्र पाण्यावर तांबूस ढग दिसला की मामंजी दगडावरून म्हणायचे, "तिथं नको." नवरा काठी फिरवायचा. काठावरचे लोक कोड्यात पडायचे, पण आता कुणी हसत नव्हतं.

तिचा रिपोर्ट चिमीपेक्षा वाईट आला. पाजणं सुटलं ते सुटलंच. तिनं औषध घेतलं. शेपट्या बांधायचं काम राहिलं होतं, ते ती अंगणात पाटावर बसून करायची, घरापासून दहा पावलं लांब. काम झालं की कपडे बदलायची, हात घासायची, नखं घासायची. मग आत. चिमी धावत यायची.

"थांब," ती म्हणायची. "आधी हात बघू."

ती खाली बसायची आणि चिमीचे हात उलटेसुलटे करून बघायची. पेरं, नखं, बोटांच्या बेचक्या. मग ओल्या फडक्यानं पुसायची. मगच मांडी. दिवसातून दहादा, वीसदा. चिमी हट्ट करायची, लोळायची, मग शिकली. आपणहून समोर येऊन उभी राहायची, दोन्ही पंजे पुढं करायची, उलटे करायची. मामंजींपुढंसुद्धा. मामंजी तिच्या पंज्यांकडे बघून मान हलवायचे, पण तिला उचलून घ्यायचे नाहीत. आपले हात मांड्यांखाली दाबून बसायचे.

दुसऱ्या महिन्याच्या रक्तात आकडा खाली आला होता. चोवीस. "हळूच उतरणार," डॉक्टरीण म्हणाली, "हाडांत जाऊन बसतं ते." चिमी जेवायला लागली होती. पोटात दुखत नव्हतं. पण कॅलेंडरचं पान उलटलं, परत उलटलं, नवीन पानावर पेन्सिलीचं एकही अक्षर नव्हतं.

एका दुपारी ती अंगणातून आत आली. मरळीसाठीच्या सहा शेपट्या झाल्या होत्या. केस आता ती आपले वापरत नव्हती, काळा दोरा पिंजून वापरायची. कपडे बदलले, हात धुतले, खाली बसली. चिमी समोर येऊन उभी राहिली. पंजे पुढं केले, उलटे केले. तिनं बघितले, पुसले.

"ये," ती म्हणाली आणि मांडी मोकळी केली.

चिमी आली नाही. ती उभीच राहिली. मग तिनं आईचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला, जड वस्तू उचलावी तसा उचलला आणि उलटा केला. वाकून बघितलं. पेरं. नखं. मग डावा घेतला. अंगठ्याच्या बेचक्यात एक काळसर रेघ राहिली होती. चिमीनं त्यावर बोट ठेवलं.

"हात," चिमी म्हणाली.

खाटेवर मामंजी ताठ झाले.

ती हलली नाही. तिनं फक्त त्या रेघेकडे बघितलं. शिसं नव्हतं ते, दोऱ्याचा काळा रंग होता. लागला की दोन-दोन दिवस जात नाही. हे तिला पक्कं माहीत होतं.

"हात," चिमी परत म्हणाली आणि तो हात ढकलला.

कॅलेंडरशी दोरीला पेन्सिल लटकत होती, उठल्याबरोबर हाताला येईल इतकी जवळ. ती उठली, पेन्सिलीवरून पुढं गेली, रांजणाशी बसली आणि साबण घेतला.